स्पीकरच्या आधी खोली

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करून त्याचं मिक्सिंग करणारी मंडळी आता गावोगावी आहेत. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, एक बरा माइक आणि स्पीकरची जोडी एवढ्या सामानावर कोणी भावगीतं करतं, कोणी रॅप, कोणी पॉडकास्ट, कोणी ऑडिओबुक. एकेकाळी ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, खास आवाजासाठी सजवलेल्या दालनांत जे काम चालायचं, त्यातलं बरंचसं आज बेडरूमच्या एका भिंतीला टेबल लावून होतं. या मंडळींची तक्रारही सगळीकडे एकच असते. घरी झकास वाटलेलं गाणं गाडीत लावलं की खर्जाचा भाग नुसता घुमतो, नाहीतर पार गायब होतो. गायकाचा आवाज कुठे टोचतो, कुठे वाद्यांत बुडतो. दोष स्पीकरच्या माथी जातो, पैसे साठवून महागडी जोडी आणली जाते आणि तक्रार होती तिथेच राहते. घरच्या खोलीत आपण जे ऐकतो त्यात स्पीकरइतकाच, आणि खालच्या सुरांत स्पीकरपेक्षा कितीतरी जास्त, वाटा खोलीचा असतो. म्हणून पहिला पैसा आणि पहिली मेहनत खोलीवर खर्च व्हायला हवी. तीही शोभेच्या फोमवर खर्च करून भागत नाही. जागेची निवड आणि जाडी, या दोन गोष्टींकडे ती वळली पाहिजे.

मिक्सिंगसाठी बनवलेल्या चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात त्याचा आवाज सगळ्या सुरांत अधिक-उणे ३ डेसिबलच्या आत राहतो असं लिहिलेलं असतं, आणि मोकळ्या हवेत किंवा प्रयोगशाळेत तो बहुधा तसा राहतोही. तोच स्पीकर दहा बाय बाराच्या खोलीत ठेवून बसण्याच्या जागी मोजला, तर २०० हर्ट्झच्या खाली १५ ते २० डेसिबलचे चढउतार दिसणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. १० डेसिबल वाढले की आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो, यावरून हा फरक किती मोठा ते कळेल. दोन चांगल्या स्पीकरमधला फरक याच्यापुढे किरकोळ ठरतो.

खोली आवाजाचं काय करते हे मोजायची पहिली शिस्तशीर रीत अमेरिकेत तयार झाली. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातलं नवं व्याख्यानगृह इतकं घुमायचं की वक्त्याचा शब्द कळत नसे. १८९५ मध्ये ते सुधारायचं काम वॉलेस सेबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आलं. त्याच्याकडे साधनं होती ऑर्गनची एक नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान. रात्रीच्या शांततेत तो जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून सभागृहात मांडायचा, नळी वाजवून बंद करायचा आणि नाद विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. रिकाम्या सभागृहात नाद पाच सेकंदांहून जास्त रेंगाळत होता. गाद्या वाढत गेल्या तसा तो वेळ कमी होत गेला. या रात्रींतून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे: नाद विरायचा वेळ खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो आणि आवाज शोषणाऱ्या पृष्ठभागाबरोबर घटतो. शोषणाचं माप म्हणून सेबिनने उघडी खिडकी धरली, कारण तिच्यावर पडलेला आवाज परत येत नाही. १९०० मध्ये उघडलेलं बॉस्टनचं सिंफनी हॉल याच अभ्यासाच्या आधारे बांधलं गेलं.

हे सूत्र आपल्या खोलीला लावून बघू. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच धरली तर घनफळ ११४० घनफूट. चारी भिंती, छत आणि जमीन मिळून सुमारे ६६० चौरस फूट पृष्ठभाग. गिलावा केलेली विटांची भिंत, काँक्रीटचा स्लॅब आणि गुळगुळीत टाइल्स आवाजाचा जेमतेम दोन-तीन टक्के भाग शोषतात. बाकीचा परत फेकतात. म्हणजे अख्खी खोली मिळून वीसेक चौरस फुटांच्या उघड्या खिडकीइतकीच. हिशेबाने अशा रिकाम्या खोलीत नाद अडीच-पावणेतीन सेकंद रेंगाळतो. मिक्सिंगच्या छोट्या खोलीत तो ०.३ सेकंदाच्या आसपास यावा अशी अपेक्षा असते, आणि त्यासाठी सुमारे १८५ चौरस फूट शोषण लागतं, म्हणजे खोलीच्या जमिनीच्या दीडपट. आता एक-एक चौरस फुटाच्या बारा फोम टाइल्सचा जो खोका ‘स्टुडिओ किट’ म्हणून विकला जातो, त्याचा हिशेब वाचकांनीच करावा. बारा टाइल्स म्हणजे फार तर बारा चौरस फूट. याउलट जुन्या बैठकीच्या गाण्याची खोली आठवा: जमिनीवर गाद्या, भिंतीला लोड-तक्के, दारांना जाड पडदे आणि तीस-चाळीस श्रोते. बसलेला एक माणूस बोलण्या-गाण्याच्या पट्टीत सुमारे पाच चौरस फूट शोषण करतो. ती खोली कोणी ध्वनिशास्त्र शिकून सजवली नव्हती, पण तिचं गणित बरोबर होतं.

मात्र सेबिनचं सूत्र मोठ्या सभागृहांसाठी आहे. छोट्या खोलीत ते मधल्या आणि वरच्या सुरांपुरतं चालतं. खालच्या सुरांत लंगडं पडतं, आणि घरच्या मिक्सिंगचं खरं दुखणं तिथेच आहे. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. म्हणून ४७ हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी होते २४ फूट, बरोबर १२ फुटी खोलीच्या दुप्पट. असा सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकतो. भिंतींपाशी तो जोरात ऐकू येतो, खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो आणि स्पीकर थांबला तरी थोडा वेळ घुमत राहतो. खोलीच्या प्रत्येक मापाचा असा एक सूर असतो: १० फूट रुंदीचा ५६-५७ हर्ट्झ, साडेनऊ फूट उंचीचा साधारण ५९-६०. शिवाय त्या प्रत्येकाच्या दुपटी-तिपटी. आपल्या हिशेबातल्या खोलीत रुंदीचा आणि उंचीचा सूर एकमेकांना खेटून आहेत, म्हणून बास गिटारचे त्या भागातले एक-दोन स्वर उगाचच फुगतात आणि शेजारचे दुबळे वाटतात. आपल्याकडची दहा बाय दहाची खोली तर याहून अवघड, आणि तिची उंचीही दहा फूट असेल तर तिन्ही मापांचे सूर एकाच जागी येऊन पडतात. हे पटवून घ्यायला यंत्र लागत नाही. मोबाइलवरच्या टोन जनरेटरमधून खोलीच्या मापाचा सूर मोठ्या स्पीकरवर लावून ठेवायचा आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत सावकाश चालत जायचं. कोपऱ्यात कानठळ्या आणि मध्यावर शुकशुकाट, असा फरक कानाला थेट कळतो. लोखंडी कपाटाचं दार किंवा सरकत्या खिडकीची काच कोणत्या सुरावर खडखडते, तेही याच वेळी लक्षात येतं.

दुसरी गोम स्पीकरच्या मागच्या भिंतीत आहे. खालचे सूर स्पीकरमधून फक्त पुढे जात नाहीत, सगळ्या दिशांना पसरतात. मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो, आणि ज्या सुराच्या तरंगलांबीचा चौथा हिस्सा भिंतीच्या अंतराइतका असतो, तो सूर नेमका उलटा येऊन मूळ आवाजाला खोडतो. स्पीकरचा पडदा भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर हा खड्डा १४० हर्ट्झच्या आसपास पडतो. पुरुष गायकांची नेहमीची पट्टी काळी एक. तिचा षड्ज १३८-१३९ हर्ट्झ. म्हणजे गायकाचा सा ज्या ठिकाणी आहे तिथेच खोली तो पुसते. मिक्स करणाऱ्याला गळा पातळ वाटतो, तो तिथे भर घालतो, आणि दुसऱ्याच्या घरी तेच गाणं कोंदट, जडशीळ ऐकू येतं. यात त्याच्या कानाची चूक नाही आणि स्पीकरचीही नाही. हाच स्पीकर भिंतीच्या आणखी जवळ, पडदा फूटभर अंतरावर येईल असा सरकवला तर खड्डा २८० हर्ट्झच्या आसपास जातो, जिथे तो उथळ असतो आणि मागे लावलेल्या जाड पॅनेलने बऱ्यापैकी भरता येतो. भिंतीजवळ आणल्यावर खर्ज वाढतो, पण बहुतेक स्टुडिओ स्पीकरच्या पाठीवर तो कमी करायची कळ असतेच.

म्हणून सुरुवात करायची ती फुकटच्या कामाने. स्पीकर आखूड भिंतीला लावावेत, म्हणजे आवाज खोलीच्या लांबीच्या दिशेने जाईल. डाव्या-उजव्या भिंती स्पीकरपासून सारख्या अंतरावर असाव्यात. एका बाजूला कपाट आणि दुसरीकडे उघडा दरवाजा असेल तर गायकाचा आवाज मध्यभागी उभा राहणार नाही. दोन्ही स्पीकर आणि डोकं मिळून समभुज त्रिकोण व्हावा आणि स्पीकरचे वरचे ड्रायव्हर कानांच्या उंचीवर यावेत. बसायची जागा खोलीच्या मध्यावर नको आणि मागच्या भिंतीला टेकूनही नको. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्के, म्हणजे १२ फुटी खोलीत साधारण साडेचार फूट, ही सुरुवातीला धरायला बरी जागा; तिथून अर्धा फूट पुढेमागे सरकून कानाने ठरवावं. कित्येक खोल्यांत एवढ्या सरकासरकीने जो फरक पडतो तो नव्या स्पीकरने पडला नसता.

पैसे लागतात ते शोषणाला, आणि इथे जाडीचा प्रश्न येतो. सच्छिद्र वस्तू हवेची हालचाल अडवून आवाज शोषते. भिंतीला चिकटून हवा हलतच नाही. ती सगळ्यात जास्त हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. दोन इंची फोमची जाडी पाव तरंगलांबीइतकी भरते ती १७०० हर्ट्झला. त्याच्या खाली तो दुबळा होत जातो आणि खर्जात जवळपास निरुपयोगी. खोलीभर असा फोम लावला तर टाळीचा झणझणाट जातो आणि खोली ‘स्टुडिओसारखी’ वाटू लागते. पण वरचे सूर खाल्ले जातात आणि खर्ज होता तसाच घुमत राहतो. अशा खोलीत काम करणारा वरचे सूर वाढवत जातो आणि बाहेर गाणं कर्कश होतं. म्हणजे अर्धवट उपचाराने खोली आधीपेक्षा जास्त फसवी होऊ शकते. सतरंजी, गालिचा, पातळ पडदे यांचीही हीच मर्यादा आहे.

उपाय साधा आणि जवळच्या बाजारात मिळणारा आहे. एसीच्या डक्टसाठी आणि पार्टिशनसाठी वापरलं जाणारं रॉकवूल दोन इंची लाद्यांत मिळतं. घनमीटरला ४८ किलो घनतेचं या कामाला चांगलं. सुताराकडून दोन बाय चार फुटांच्या आणि चार इंच खोल लाकडी चौकटी करून घ्यायच्या, त्यात दोन लाद्या एकावर एक बसवायच्या आणि वरून कापड ताणून ठोकायचं. कापड कोणतं हे ओळखायची सोपी कसोटी अशी: तोंडाला लावून फुंकर मारली तर हवा सहज पलीकडे गेली पाहिजे. रेक्झीन किंवा प्लास्टिकचा थर असलेलं सोफ्याचं कापड लावलं की केलेलं सगळं वाया. धागे उडतात आणि अंगाला खाज सुटते, म्हणून काम करताना हातमोजे आणि मास्क हवाच; आतून पातळ न विणलेल्या कापडाचं अस्तर घातलं की नंतर त्रास होत नाही. चौकट भिंतीला चिकटवू नये, चार इंच पुढे टांगावी. मागच्या पोकळीमुळे तीच चौकट आणखी खालच्या सुरांपर्यंत काम करते, आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली तर मागे हवा खेळती राहून बुरशी धरत नाही. रॉकवूल परवडत नसेल किंवा नको असेल तर कापसाची जाड गादीही आवाज शोषते. पिंजून भरलेला कापूस हीसुद्धा सच्छिद्र वस्तूच. वापरात नसलेल्या गाद्या कोपऱ्यात उभ्या केल्या तर पहिल्या दिवसापासून फरक ऐकू येतो.

चौकटी कुठे लावायच्या याचा क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्या मापांचे अडकलेले सूर कोपऱ्यात एकत्र जोर धरतात, म्हणून सर्वांत जाड शोषण तिथे, जमिनीपासून छतापर्यंत. मग डाव्या-उजव्या भिंतींवरच्या त्या जागा, जिथून आवाज एकदाच आपटून कानात येतो. हा परावर्तित आवाज थेट आवाजानंतर तीन-चार मिलिसेकंदांत पोहोचतो. वेगळा प्रतिध्वनी म्हणून तो ऐकू येत नाही, पण आवाजाचा रंग आणि वाद्यांची जागा बदलतो. आपण खुर्चीत बसायचं आणि दुसऱ्याने भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा. आरशात स्पीकर दिसला की ती जागा सापडली. छतावरची अशीच जागा टेबलाच्या वर येते. आपल्याकडे खोलीच्या मधोमध पंखा असतो, त्यामुळे छताची चौकट पंखा आणि समोरची भिंत यांच्यामध्ये, हुकांना तारेने टांगावी लागते. मागच्या भिंतीवर पुस्तकांनी आडवंतिडवं भरलेलं कपाट बरं काम करतं. आवाज विखुरणारे, गणिताने आखलेले लाकडी डिफ्यूझर दिसायला सुंदर असतात, पण दहा फुटी खोलीत त्यांच्यावर खर्च करायची घाई नको.

परदेशी व्हिडिओ पाहून केलेली खोली इथे का फसते, याचंही एक कारण सांगायला हवं. अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती बहुधा लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकलेल्या असतात. त्या खर्जाला थोड्या हलतात, काही आवाज गिळतात, काही पलीकडे जाऊ देतात. आपली वीट आणि आरसीसी हलत नाही. शेजाऱ्यांना ते सोयीचं, पण खर्ज पूर्णच्या पूर्ण खोलीत परत येतो. तिथे चार पॅनेल्समध्ये भागतं त्या मापाच्या खोलीत इथे जास्त आणि जाड शोषण लागतं.

अंड्यांच्या ट्रेबद्दल मात्र सौम्य बोलून चालणार नाही. त्यांचा ध्वनीला उपयोग नगण्य, आणि ते पटकन पेटतात. स्वस्त पॉलियुरेथेन फोमचा धोका त्याहून मोठा. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या ‘द स्टेशन’ या क्लबमध्ये आतषबाजीची ठिणगी भिंतीवरच्या फोमवर पडली आणि १०० माणसं गेली. २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारिया शहरात ‘किस’ या क्लबमध्ये तसाच फोम पेटून २४२ जणांचा जीव गेला. मुलं तासन्‌तास दार लावून बसतात त्या खोलीत, वायरी आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारी, हा माल लावायचा का, याचा विचार घरातल्या मोठ्यांनी जरूर करावा. रॉकवूल दगड वितळवून काढलेल्या धाग्यांचं असतं, ते पेटत नाही. मला ते पसंत असण्याचं हे एक मोठं कारण आहे. कापसाची गादी पेटते, तेव्हा तीही देवघराच्या आणि प्लगपॉइंटच्या जवळ नको.

आता आक्षेप. पहिला असा की हेडफोन असताना हा खटाटोप कशाला. हेडफोनने खोली बाजूला होते हे खरं, आणि बारीक खरखर, श्वास, कट शोधायला त्याच्यासारखं साधन नाही. पण त्यात डावा आवाज फक्त डाव्या कानाला मिळतो, गायक डोक्याच्या आत बसल्यासारखा वाटतो आणि खर्ज अंगाला जाणवत नाही. त्यामुळे वाद्यांचं अंतर आणि खर्जाचं प्रमाण चुकतं. ज्याच्याकडे खोलीच नाही त्याने खुशाल हेडफोनवर काम करावं. खोली आहे त्याने दोन्ही वापरावीत. दुसरा आक्षेप, खोली मोजून स्पीकर सुधारणारी सॉफ्टवेअरं मिळतात. ती फुगलेले सूर खाली आणू शकतात. परंतु जिथे परावर्तित आवाजाने मूळ आवाज खोडला जातोय तिथे स्पीकरला जोर लावला की परावर्तनही तितकंच वाढतं आणि खड्डा तसाच राहतो. सॉफ्टवेअर शेवटच्या सफाईसाठी उत्तम, पहिल्या उपायासाठी नाही. तिसरा आक्षेप उदाहरणाचा असतो: गायिका बिली आयलिशचा २०१९ चा गाजलेला अल्बम बेडरूममध्ये झाला. रेकॉर्डिंग झालं बेडरूममध्ये, भाऊ फिनियसच्या; मिक्सिंग रॉब किनेल्स्की या अनुभवी इंजिनिअरने केलं. माइक तोंडाजवळ धरला तर रेकॉर्डिंगला खोलीचा त्रास कमी होतो. ऐकून निर्णय घ्यायच्या कामात ती सवलत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप निव्वळ ऐकणाऱ्यांचा आहे. खोली मारून टाकली तर गाण्याची मजा जाईल, असं ते म्हणतात. फ्लॉइड टूल यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवलंय की बाजूच्या भिंतींवरून येणारं परावर्तन कित्येक श्रोत्यांना आवडतं. त्याने आवाज रुंद आणि मोकळा वाटतो. हे मान्य करायला हवं. मिक्स करणाऱ्याला चूक दिसायला हवी असते, ऐकणाऱ्याला गाणं हवं असतं. ज्याला फक्त ऐकायचंय त्याने बाजूच्या भिंती उघड्या ठेवाव्यात, तिथे पुस्तकांची फळी ठेवली तरी पुरे. पण घुमणारा खर्ज दोघांनाही सारखाच नडतो. डग्ग्याची मींड एका सुरावर फुगून पुढे हरवत असेल तर ते कोणत्याच रसिकाला नको असतं. कोपऱ्यांतलं काम, बसायची जागा आणि स्पीकरचं अंतर हे दोघांसाठी एकच आहे. एक गैरसमजही इथेच दूर करावा: या चौकटींनी शेजाऱ्यांना जाणारा आवाज थांबत नाही. त्यासाठी वजनदार भिंत आणि फट न राहणारं दार लागतं, ते वेगळं आणि बरंच महागडं काम.

काम झालं की नाही हे मोजून ठरवावं. मोजणीचा एक साधा माइक आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर माइक ठेवून खालपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर वाजवायचा. आलेखातली रेषा सपाट दिसेल अशी आशा धरू नये. घरच्या खोलीत ४७ हर्ट्झचा उंचवटा चार इंची चौकटींनी जात नाही, तो थोडा खाली येतो. जास्त बघायचं ते सूर किती वेळ रेंगाळतात हे दाखवणाऱ्या आलेखाकडे, कारण कानाला जास्त फसवतो तो हा रेंगाळणारा शेपटा. प्रत्येक चौकट लावल्यावर पुन्हा मोजावं, आणि दोन चौकटी वाढवूनही आलेख हलेनासा झाला की थांबावं. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारायची परवानगी नसेल तर याच चौकटींना खाली पाय लावून घ्यावेत. घर बदललं की त्या टेम्पोत चढतात. नव्या खोलीची मापं वेगळी, तेव्हा त्यांच्या जागा तेवढ्या तिथे नव्याने शोधाव्या लागतात.